मुखदर्शनाचें मोल

एखाद्या राष्ट्राची कलाभिरुचि जाणून घ्यावयाची तर त्याचीं देवालयें आणि संग्रहालयें पाहावीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती अपुरी आहे. देवालयांत आणि संग्रहालयांत जें असतें तें पुष्कळदां राजानें किंवा धनिकानें ठेवलेलें असतें. सामान्य माणसानें स्वतःच्या खिशांतले चार पैसे मोडून, कोणी सांगितलें नसतां, जें विकत घेतलें आणि वहीच्या पानांत जपून ठेवलें, त्याचीहि साक्ष टीकाकारानें काढली पाहिजे. जपानांत अशा एका वस्तूचा इतिहास विशेष लांब आणि विशेष बोधप्रद आहे. ती वस्तु म्हणजे नटनटींची, गायकगायिकांची, आणि पुढें सर्वच लोकप्रिय मंडळींची, तळहातावर मावणारी छबी. तिला जपानी लोक 'बुरोमाइदो' म्हणतात.

हा शब्द मूळचा रसायनशाळेंतला आहे. चांदीच्या ब्रोमाइड क्षाराचा लेप दिलेला जो छायाचित्रणाचा कागद, त्याचें हें नांव; तें कागदावरून चित्रावर उतरलें आणि तेथेंच कायम झालें. तोक्यो शहराच्या असाकुसा भागांत १९२१ सालीं 'मारुबेरुदो' नांवाचें दुकान निघालें. त्यानें आपला माल इतरांच्या मालाहून निराळा ओळखला जावा म्हणून पहिलें अक्षर बदलून 'पुरोमाइदो' असें नांव चालू केलें. चित्राचें नांव चितारणाऱ्यावरून नव्हे, जिचें चित्र आहे तिच्यावरूनहि नव्हे, तर ज्या कागदावर तें उमटलें त्या कागदावरून पडावें, ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. परंतु या चित्रांवर आपला खरा हक्क कोणाचा, हें ठरविण्यास जपानला पुढें नव्वद वर्षें लागलीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या नांवांतली मौज ध्यानांत येते.

या छब्यांवर सुशिक्षितांचे नेहमींचे आक्षेप दोन. एक, यांत कला नाहीं. दुसरा, ही व्यक्तिपूजा आहे. दोहोंतहि तथ्य आहे. पण आमच्या मतें या दोन आक्षेपांनीं मुख्य प्रश्न झांकला जातो. तो प्रश्न असा कीं, चेहरा कोणाचा? ज्याचा तो असतो त्याचा, जो तो विकतो त्याचा, जो तो विकत घेतो त्याचा, कीं जें सरकार तो विकूं देतें किंवा देत नाहीं त्याचा? जपानी छबीचा दोन अडीचशें वर्षांचा इतिहास हें या एकाच प्रश्नाचें निरनिराळ्या काळीं दिलेलें उत्तर आहे.

छायाचित्रापूर्वींच हा व्यापार भरभराटीस आला होता. १७६५ च्या सुमारास एदो शहरांत, म्हणजे आजच्या तोक्योंत, अनेक रंगांचे लाकडी ठसे वापरून चित्रें छापण्याची कला पूर्णत्वास पोंचली. लगेच सुझुकी हारुनोबु या चित्रकारानें कासामोरि देवस्थानाजवळच्या चहाच्या दुकानांतील ओसेन नांवाच्या मुलीचीं चित्रें काढलीं, आणि तीं पाहून लोक तिला पाहण्यास जाऊं लागले. हारुनोबुच्या सर्व स्त्रियांचे चेहरे मात्र एकसारखे असत. ओसेन ओळखावयाची ती तिच्या दुकानावरून. नटांच्या चित्रांत खरें मुखसादृश्य आणलें तें कात्सुकावा शुन्शो यानें. १७७० सालीं त्यानें इप्पित्सुसाइ बुन्चो याच्यासह काबुकी नटांच्या चित्रांचें जें पुस्तक काढलें, त्यांत पात्राच्या रंगभूषेआड नटाचें नाक नि डोळे स्पष्ट ओळखूं येतात. गिऱ्हाइकास आतां केवळ सुंदर चेहरा नको होता. अमुक एकाचा चेहरा हवा होता. आमच्या मतें छबीच्या व्यापाराचा खरा जन्म या क्षणीं झाला.

परंतु सादृश्य हवें म्हणजे सत्य हवें, असें नव्हे. याचें प्रत्यंतर शाराकूच्या चरित्रांत मिळतें. हा चित्रकार १७९४ च्या मे महिन्यांत एकाएकीं प्रकट झाला आणि सुमारें दहा महिन्यांत नाहींसा झाला. तेवढ्या अवधींत त्याचीं एकशें चाळीसवर चित्रें प्रसिद्ध झालीं. त्याच्या आरंभींच्या अभ्रकाच्या पार्श्वभूमीवरील अर्धचित्रांत स्त्रीवेष घेतलेल्या पुरुषाचा जबडा पुरुषाचाच दिसतो आणि वय झालेल्या नटाच्या सुरकुत्या सुरकुत्याच राहतात. आज जगभर त्याची कीर्ति आहे. त्याच्या काळानंतर लवकरच झालेल्या एका टिपणकारानें मात्र अशी नोंद केली आहे कीं, तो नटांचे चेहरे फार खरे काढावयास गेला आणि म्हणून टिकला नाहीं. रसिक आणि टीकाकार यांच्यांतली दरी इतक्या थोडक्या शब्दांत क्वचितच सांगितली गेली असेल. संग्राहक चेहरा मागतो तो आरशांतला नव्हे. आपल्या मनांत जो आधींच वसला आहे त्याची खूण तो मागतो.

सरकारची दृष्टि याहून वेगळी होती. चहाच्या दुकानांतली मुलगी नगरभर प्रसिद्ध होते, ही गोष्ट श्रेणीबद्ध समाजाच्या रक्षकांस रुचण्यासारखी नव्हती. उतामारोनें असाकुसाच्या देवळाजवळील नानिवाया या दुकानांतल्या ओकिताचीं चित्रें काढून ती घरोघर पोंचविली होती. १७९३ सालीं हुकूम निघाला कीं, गणिका वगळून अन्य स्त्रियांचीं नांवें चित्रांवर छापूं नयेत. उतामारोनें मग चित्राच्या कोपऱ्यांत एक कोडें घातलें: भाजीच्या दोन जुड्या, एक बाण, समुद्र आणि भाताचें शेत. जपानी भाषेंत यांचीं नांवें ओळीनें उच्चारलीं कीं 'नानिवाया ओकिता' असें होतें. १७९६ सालीं हीं कोडींहि बंद झालीं, आणि १८०० सालीं मोठ्या मुखाचीं अर्धचित्रेंच निषिद्ध ठरलीं. पुढें १८४२ च्या सुधारणांत नटांच्या व गणिकांच्या चित्रांवर सरसकट बंदी आली, तेव्हां कुनियोशीनें नटांचे चेहरे कासवांना आणि माशांना चिकटविले, आणि नंतर भिंतीवर पोरांनीं ओढलेल्या रेघोट्यांच्या मिषानें ते पुन्हा छापले. लोकांनीं ते तत्काळ ओळखले. चेहरा एकदां लोकांच्या मालकीचा झाला म्हणजे हुकुमानें तो परत घेतां येत नाहीं, हा पहिला धडा.

या चित्रांचा आणखी एक प्रकार आम्हांस हृद्य वाटतो. लोकप्रिय नट वारला म्हणजे त्याचें स्मृतिचित्र छापलें जाई. त्यांत बहुधा फिकट निळा वेष, मृत्यूची तिथि, मरणोत्तर दिलेलें नांव आणि एखादें शोकपद्य असे. १८५४ सालीं आठव्या दान्जूरोनें ओसाका येथें ऐन तारुण्यांत आत्मघात केला, तेव्हां अशा चित्रांचा अक्षरशः पूर लोटला. कांहीं चित्रांत स्त्रिया त्याला यमदूतांच्या हातून ओढून घेऊं पाहात आहेत. हसूं येण्याजोगा हा प्रसंग आहे. परंतु ज्यांना त्याच्या अंत्ययात्रेंत जागा नव्हती, त्यांना दुःख करण्याचा हाच मार्ग मोकळा होता, हें विसरूं नये.

छायाचित्रणाचा प्रसार जपानांत झाला तो १८६२ च्या सुमारास. त्या वर्षीं नागासाकींत उएनो हिकोमा यानें आणि योकोहामांत शिमोओका रेन्जो यानें आपापलीं दुकानें थाटलीं. लगेच नव्या तंत्राला जुना प्रश्न भिडला, आणि तो थेट सम्राटापाशीं जाऊन. १८७२ व १८७३ सालीं उचिदा कुइचि यानें मेइजी सम्राटाची छायाचित्रें घेतलीं. त्यांच्या नकला बाजारांत नटगेइशांच्या तसबिरींशेजारीं विकल्या जाऊं लागल्या. १८७४ सालीं सरकारनें ही विक्री बंद केली. पुढें १८८८ सालीं किओस्सोने या इटालियन कलावंतानें काढलेल्या रेखाचित्राचें छायाचित्र घेऊन तेंच अधिकृत मुखचित्र म्हणून शाळाशाळांतून देण्यांत आलें. तें विकत मिळत नसे. त्याला नमस्कार करावा लागे. त्यासाठीं शाळेच्या आवारांत स्वतंत्र देव्हारे उभे राहिले. आगींतून तें वांचवितांना कांहीं शिक्षकांनीं प्राणहि गमावले. एकाच यंत्रानें, एकाच जातीच्या कागदावर, दोन प्रकारचे चेहरे निर्माण केले: एक जो विकणें हा अपमान, आणि दुसरा ज्याची विक्री हाच मान. जपानी छबीचा विचार करतांना ही जोडी आम्ही नेहमीं डोळ्यांपुढें ठेवतों; कारण दुसऱ्या चेहऱ्यावरचें प्रेम कितीहि उथळ असलें तरी तें ऐच्छिक होतें.

१८९० च्या नोव्हेंबरांत असाकुसांत 'र्योउन्काकु' हा बारा मजली मनोरा उघडला. जपानांतला पहिला विजेचा पाळणा त्यांत होता. पण सुरक्षिततेच्या कारणास्तव थोड्याच महिन्यांत तो बंद करावा लागला. आतां लोकांनीं जिने चढावे तरी कशासाठीं? चालकांनीं युक्ति काढली. १८९१ च्या उन्हाळ्यांत तोक्योंतील शंभर गेइशांचीं छायाचित्रें मजल्यामजल्यांवर टांगलीं आणि येणाऱ्यांनीं सर्वांत सुंदर कोण याविषयीं मतें द्यावीं असें योजलें. छायाचित्रकार ओगावा काझुमासा यानें सर्वांस सारखी संधि मिळावी म्हणून एकच खोली सजवून तींतच शंभरहि जणींना बसविलें. सार्वजनिक निवडणूक जपानांत पहिल्यानें झाली ती १८९० सालीं, आणि तीहि श्रीमंत पुरुष करदात्यांपुरती. ज्यांना राष्ट्राच्या सभेसाठीं मत नव्हतें त्यांना मनोऱ्यावर मत मिळालें, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो.

१९०० सालीं खासगी छापखान्यांस सचित्र पोस्टकार्डें काढण्याची मुभा मिळाली, आणि १९०४-०५ च्या रूसशीं झालेल्या युद्धांत पोस्टकार्डें जमविण्याचें वेडच पसरलें. युद्धाच्या चित्रांबरोबर गेइशांचीं चित्रेंहि खपलीं. आकासाका येथील मान्र्यू हिचें मुख तर देशभर परिचित झालें. येथवर चेहरा विकला जात होता तो ज्यांचा धंदाच लोकांपुढें येण्याचा त्यांचा. कुलीन घरच्या मुलीचा चेहरा या वर्तुळाबाहेर होता. ती मर्यादा मोडली १९०८ सालीं.

'जिजि शिम्पो' या वर्तमानपत्रानें एका अमेरिकन पत्राच्या सूचनेवरून देशभरांतून स्त्रियांचीं छायाचित्रें मागविलीं. अट अशी कीं गेइशा, नटी वगैरे धंदेवाईक स्त्रिया नकोत. गृहस्थांच्या घरच्या हव्यात. परीक्षकांत शिल्पकार ताकामुरा कोउन, चित्रकार ओकादा साबुरोसुके यांसारखे मान्यवर होते. पहिला क्रमांक सुएहिरो हिरोको या सोळा वर्षांच्या मुलीचा आला. ती गाकुशूइन या सरदारांच्या विद्यालयांत शिकत होती. छायाचित्र पाठविलें होतें तिच्या मेहुण्यानें, आणि तेंहि तिला न विचारतां. विद्यालयाचे प्रमुख होते पोर्ट आर्थरचे विजेते जनरल नोगी. मुलीला शाळा सोडावी लागली. पुढें तिचा विवाह एका मोठ्या सेनापतीच्या घराण्यांत झाला, म्हणून ही कथा सुखांत झाली असें सांगण्याची पद्धत आहे. आम्हांस तें समाधान पटत नाहीं. वर्तमानपत्रानें तिच्या चेहऱ्यावर अंक खपविला, परीक्षकांनीं त्यावर आपली रसिकता सिद्ध केली, विद्यालयानें त्यावर आपलें शील सिद्ध केलें, आणि तिला कोणीं कांहीं विचारलें नाहीं. गेइशेला निदान आपण काय विकतों हें ठाऊक होतें.

या पार्श्वभूमीवर १९२१ सालचें मारुबेरुदो पाहावें. तोंवर जपानी चित्रपटांत स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत. १९२० सालीं शोचिकु कंपनीनें कामाता येथें चित्रशाळा काढली आणि नट्यांना पुढें आणलें. कुरिशिमा सुमिको ही त्यांतली पहिली मोठी तारका. दुकानाचा आरंभ तिच्याच छबीनें झाला. १९२३ च्या भूकंपानें असाकुसा जळालें, बारा मजली मनोरा मोडला. छबीचा धंदा मात्र पुन्हा उभा राहिला, आणि तें दुकान आजहि त्याच भागांत आहे. आजवर त्यानें अडीच हजारांच्या आसपास व्यक्तींच्या ८०,००० हून अधिक निरनिराळ्या छब्या काढल्या आहेत.

आतां त्या छबीकडे टीकाकाराच्या दृष्टीनें पाहूं. पार्श्वभूमि मोकळी, प्रकाश मवाळ, मान किंचित् कललेली, पुष्कळदां हात हनुवटीपाशीं, दृष्टि पाहणाऱ्याच्या दृष्टीला मिळालेली. पात्राचें नांव नाहीं, प्रसंग नाहीं, कथा नाहीं. शाराकूच्या चित्रांत नट भूमिकेंत असे; त्या चित्रांत एक नाट्यक्षण असे, आणि नट व पात्र यांचा झगडा असे. पुरोमाइदोनें पात्र काढून टाकलें आणि केवळ नट ठेवला. म्हणजे कलेच्या दृष्टीनें हा ऱ्हासच, हें आम्ही निःसंकोच मान्य करतों. छायाचित्रकाराचें नांव कोणास ठाऊक नसे, आणि तें असावें असें कोणास वाटतहि नसे. तरीहि या ऱ्हासांत एक प्रामाणिकपणा आहे. ही छबी कथेच्या आडून आपल्याकडे पाहात नाहीं. 'तुला मी आवडतें, म्हणून तूं मला घे,' एवढेंच ती म्हणते. शिवाय दुकानांत भिंतभर छब्या मांडलेल्या, गिऱ्हाइकानें त्या न्याहाळाव्या, दहांतून एक निवडावी. स्वल्प पैशांत कां होईना, ही निवड त्याची स्वतःची. मारुबेरुदोच्या विक्रीचे आंकडे तारकांच्या लोकप्रियतेचें माप मानले जाऊं लागले, तें यामुळेंच. प्रत्येक छबीमागें एक खरी निवड होती.

विकणाऱ्याचा चेहऱ्यावरील हक्क किती भयंकर रूप घेऊं शकतो, याचें उदाहरण हायाशि चोजिरो. १९२७ सालीं शोचिकुनें या देखण्या तरुणाला पडद्यावर आणलें आणि त्याच्या छब्यांनीं तरुणींच्या वह्या भरून गेल्या. १९३७ सालीं तो तोहो या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला, आणि त्याच नोव्हेंबरांत क्योतोच्या चित्रशाळेबाहेर एका हल्लेखोरानें धारदार पात्यानें त्याचा गाल चिरला. हल्ल्यासाठीं जागा निवडली ती गाल, हें सूचक आहे. जो चेहरा हजारोंनीं छापून विकला त्यावर आपली सत्ता आहे, ती मोडणाऱ्यास तोच चेहरा गमवावा लागेल, असा हा उघड संदेश होता. नटानें जुनें नांव टाकलें, हासेगावा काझुओ हें आपलें जन्मनांव घेतलें, व्रण रंगभूषेखालीं झांकला आणि पुढें पंचवीसहून अधिक वर्षें नायकाचीं कामें केलीं. लोकांनीं त्याला सोडलें नाहीं. चेहरा कंपनीचा नव्हता, हें त्यांनीं आपल्या निष्ठेनें ठरविलें.

युद्धकाळांत या छब्या आघाडीवरील शिपायांस पाठविण्याच्या भेटपिशव्यांतून चीनपर्यंत गेल्या. घरच्या माणसाच्या छायाचित्राशेजारीं, एकाच खिशांत, कधीं न भेटलेल्या नटीचें हास्य जाई. व्यक्तिपूजा म्हणून हिणवणाऱ्यांनीं हें दृश्य एकदां डोळ्यांपुढें आणावें, आणि त्याच वेळीं, तें हास्य कोणत्या कामीं लावलें जात होतें, हेंहि विसरूं नये. ज्या राज्यकर्त्यांच्या पूर्वसूरींनीं छब्यांवर बंदी घातली, त्यांनाच आतां त्या सोयीच्या वाटल्या.

युद्धानंतरचा भाग आम्ही थोडक्यांत आटोपतों, कारण त्यांत प्रमाण वाढलें, तत्त्व फारसें बदललें नाहीं. मिसोरा हिबारि, इशिहारा यूजिरो, योशिनागा सायुरि यांच्या छब्यांनीं पन्नासाव्या-साठाव्या दशकांत उच्चांक गांठला. मग रंगीत मासिकें व दूरचित्रवाणी आल्या, आणि चेहरा फुकट दिसूं लागल्यावर त्याचें मोल उतरलें. १९७३ सालीं खाऊच्या पुडीबरोबर बेसबॉल खेळाडूंचीं चित्रें मिळूं लागलीं. तेथें खरेदी खाऊची आणि चित्र नशिबाचें. पुडी फोडल्यावांचून आंत कोण आहे तें कळत नाहीं. पोरांच्या खेळांतली ही गंमत पुढें प्रौढांच्या बाजारांत शिरली. २००५ सालीं आकिहाबारा येथें सुरू झालेल्या 'एकेबी ४८' या गायिकासमूहाच्या छब्या बंद पाकिटांतून विकल्या जातात. आवडती मुलगी मिळेपर्यंत पाकिटें घेत राहावें, आणि नावडतीच्या छब्यांची अदलाबदल करावी. आमचा खरा आक्षेप येथें आहे. जुन्या छबीनें गिऱ्हाइकास निवडीचें सुख दिलें. नवीनें निवड काढून घेऊन तिच्या जागीं जुगार ठेवला. जो रसिक होता तो जुगारी झाला, आणि विक्रीचा आंकडा आतां आवडीचें माप राहिला नाहीं, हव्यासाचें झाला.

मात्र याच काळांत मूळ प्रश्नाचें एक उत्तर न्यायासनासमोर मिळालें. 'पिंक लेडी' या दोन गायिकांचीं जुनीं छायाचित्रें एका साप्ताहिकानें त्यांच्या नृत्यावर आधारलेल्या व्यायामाच्या लेखांत परवानगीवांचून छापलीं. २ फेब्रुवारी २०१२ रोजीं जपानच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. गायिका हरल्या, कारण तो वापर लेखाला पूरक असा मानला गेला. परंतु निकालांत न्यायालयानें प्रथमच स्पष्ट केलें कीं, गिऱ्हाइकास ओढून घेण्याची चेहऱ्याची जी शक्ति ती ज्याचा चेहरा त्याच्याच मालकीची आहे, आणि तो हक्क व्यक्तित्वांतूनच उपजतो. तो भंगल्याचे तीन प्रकार सांगितले, त्यांतला पहिला असा कीं, चेहरा हीच स्वतंत्रपणें पाहण्याची वस्तु करून विकणें. म्हणजे आमची छबीच. ओकितापासून हिरोकोपर्यंत जिला कोणीं विचारलें नव्हतें, तिच्या बाजूनें कायदा शेवटीं बोलला.

कायदा येथें थांबतो. टीकेस आणखी एक पाऊल टाकावें लागतें. चेहरा ज्याचा त्याचा हें खरें. पण लोकप्रिय चेहरा एकट्याचा कधींच नसतो. तो लोकांनीं निवडून निवडून घडविलेला असतो. काबुकी नाट्यगृहांत आजहि चालू प्रयोगांतील नटांचीं छायाचित्रें मांडून ठेवतात, आणि प्रेक्षक मध्यंतरांत तीं बराच वेळ न्याहाळून एखादें घेतात. त्यांत नट भूमिकेंत असतो, देणारा राजी असतो, आणि घेणारा निवडतो. कला, संमति आणि निवड हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे छबी किती स्वस्त कां असेना, ती हीन ठरत नाहीं. यांतलें एक जरी गळालें तरी ती किती महाग झाली म्हणून थोर होत नाहीं. शाराकूचीं चित्रें आज काचेखालीं आहेत. पण तीं प्रथम काचेखालीं ठेवण्यासाठीं छापलीं गेलीं नव्हतीं. कोणी तरी तीं बाजारांत उभ्याउभ्यानें निवडलीं होतीं, म्हणूनच आज तीं आपल्यापर्यंत पोंचलीं आहेत.